अर्धा डोस, एक डोस: दोन अपघातांची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून ठेवतोय. आजचा प्रश्न अगदी साधा आहे. औषध किंवा लस नेमकी किती द्यायची, हे कोण ठरवतं आणि कसं?

२०२१ साल आठवा. कोविनवर स्लॉट मिळवण्यासाठी आपण सगळे रिफ्रेश मारत बसलो होतो. कोविशिल्डचा दुसरा डोस आधी चार आठवड्यांनी होता, मग सहा ते आठ आठवड्यांनी झाला, आणि १३ मे २०२१ ला जाहीर झालं की आता बारा ते सोळा आठवडे थांबा. ८४ दिवस! व्हॉट्सॲपवर लगेच निकाल लागला: "लस संपलीय, म्हणून तारखा पुढे ढकलतायत." टंचाई होती हे खरंच. पण त्या ८४ दिवसांमागे आकडेवारीची एक गोष्टही होती, आणि ती सुरू झाली होती मोजमापातल्या एका घोळापासून.

आज अशा दोन गोष्टी सांगणार आहे. दोन्हींचं पुण्याशी नातं आहे. दोन्हींमध्ये ठरल्यापेक्षा कमी डोस दिला गेला, आणि तो प्रयोग म्हणून मुद्दाम दिलेला नव्हता. दोन्हींमध्ये कमी डोसचा निकाल छान दिसला. एकीत तो टिकला, दुसरीत टिकला नाही. का, हे समजलं तर "डोस कसा ठरतो" याचं बरंचसं उत्तर मिळतं.

आधी थोडं मागे जाऊ.

मराठीत डोसला जुना शब्द आहे: मात्रा. "त्याच्यावर कुणाची मात्रा चालत नाही" असं आपण सहज म्हणतो. घरोघरी बाळगुटी द्यायचे तेव्हा सहाणेवर हळकुंड, वेखंड, जायफळ उगाळताना वेढे मोजायचे. कशाचे किती वेढे हे ठरलेलं, आणि बाळ वाढेल तसे तेही वाढवायचे. गुटी द्यावी की नाही हा वेगळा वाद आहे, त्यात मी पडत नाही. मुद्दा एवढाच, की थोडं देऊन बघायचं आणि जपून वाढवायचं ही कल्पना आपल्या आज्यांनाही माहीत होती. फक्त कुणी तक्ता ठेवला नव्हता.

आता १८९७. मुंबईत प्लेग थैमान घालत होता. त्याच साथीत, त्याच वर्षी १० मार्चला, पुण्यात रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये वाल्डेमार हाफकिन नावाचा शास्त्रज्ञ प्लेगची लस तयार करत होता. १० जानेवारी १८९७ ला त्याने स्वतःच्याच अंगात १० सीसी लस टोचून घेतली. ताप आला, दुखलं, पण माणूस वाचला. पुढे लोकांना देताना मात्रा यापेक्षा बरीच कमी ठेवली गेली. धाडसाला सलाम. पण आकडेवारीच्या नजरेतून बघितलं तर हा एका माणसाचा डेटा आहे. हाफकिनला १० सीसी सोसली म्हणजे सगळ्यांना सोसेल असं नाही, आणि सोसली म्हणजे तिने संरक्षण मिळालं असंही नाही. म्हणून त्याच महिन्याच्या शेवटी भायखळ्याच्या तुरुंगात काही कैद्यांना लस दिली, काहींना दिली नाही, आणि कोण किती आजारी पडतं याची तुलना केली. गट पाडून मोजायचं. पुढची सव्वाशे वर्षं याच वाटेने गेली.

अडचण ही की माणसं एकसारखी नसतात. तीच गोळी एकाला काहीच करत नाही आणि दुसऱ्याला आडवं करते. १९२७ मध्ये ब्रिटनच्या ट्रेव्हनने मांडलं की "एवढ्या मात्रेला प्राणी मरतो" असा एक ठाम आकडा नसतोच. निम्मे प्राणी ज्या मात्रेला दगावतात, तो आकडा धरा. १९३४ मध्ये अमेरिकेतल्या ब्लिसने मात्रा आणि परिणाम यांच्यातली वळणदार रेघ गणिताने सरळ करून दाखवली. त्या पद्धतीला प्रॉबिट म्हणतात. या दोघांमुळे डोसचं चित्रच बदललं. आता दोन रेघा काढायच्या. मात्रा वाढवली की फायदा कसा वाढतो ही एक, आणि त्रास कसा वाढतो ही दुसरी. फायदा पुरेसा झालाय पण त्रास अजून फार नाही, अशी त्या दोन रेघांमधली जी जागा असते, ती शोधायची.

कर्करोगाच्या औषधांत ही जागा शोधायची एक साधी पद्धत अजूनही वापरतात. तीन रुग्णांना कमी मात्रा द्या. कुणालाच गंभीर त्रास झाला नाही तर पुढची पायरी चढा. एकाला झाला तर त्याच मात्रेवर आणखी तिघे घ्या. दोघांना झाला तर थांबा. सोपं आहे, पण यात जुन्या पायऱ्यांवरची माहिती जवळपास वाया जाते. १९९० मध्ये ओ'क्विग्ली आणि सहकाऱ्यांनी वेगळी पद्धत सुचवली. आधी एक अंदाजाची रेघ काढायची, आणि प्रत्येक नव्या रुग्णानंतर आत्तापर्यंतच्या सगळ्यांचा डेटा धरून ती दुरुस्त करायची. पुढच्या रुग्णाला कोणती मात्रा, हे ती रेघ सांगणार. आपण कोडवाले याला मॉडेल अपडेट करणं म्हणू.

लसीचंही असंच असतं. कोव्हॅक्सिन बघा. विषाणू वेगळा केला पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने, म्हणजे आपल्या एनआयव्हीने, आणि लस बनवली हैदराबादच्या भारत बायोटेकने. जुलै २०२० मध्ये पहिली चाचणी सुरू झाली. ३७५ लोक. काहींना ३ मायक्रोग्रॅम, काहींना ६, आणि लसीचा जोर वाढवणारा घटकही दोन प्रकारचा. पुढच्या टप्प्यात ३८० लोकांवर ३ विरुद्ध ६ अशी थेट तुलना झाली. विषाणूला निकामी करणाऱ्या प्रतिपिंडांची वाढ ३ च्या गटात ९२.९ टक्के लोकांत दिसली, ६ च्या गटात ९८.३ टक्के लोकांत. ६ ठरलं. कोण कुठल्या गटात जाणार हे आधीच रँडम ठरवलेलं होतं, त्यामुळे भांडायला जागा राहिली नाही.

आता ज्या गोष्टी अशा सरळ झाल्या नाहीत, त्यांच्याकडे येऊ.

पहिला अपघात: अर्धा डोस

२०२० च्या वसंतात ऑक्सफर्डची लस ब्रिटनमध्ये लोकांना द्यायला सुरुवात झाली. एक बॅच बाहेरच्या उत्पादकाकडून आली होती. त्यात विषाणूचे कण किती, हे दोन पद्धतींनी मोजलं आणि दोन आकडे आले. ऑक्सफर्डच्या पद्धतीने कण जवळपास दुप्पट दिसत होते. त्यांनी आपला आकडा धरला आणि त्या हिशोबाने लस दिली. मग लक्षात आलं की लोकांना ताप, अंगदुखी अपेक्षेपेक्षा कमी होतेय. शोध घेतला तेव्हा कळलं की लसीतला एक घटक त्या मोजमापात ढवळाढवळ करत होता आणि आकडा फुगत होता. म्हणजे लोकांना प्रत्यक्षात निम्मी मात्रा गेली होती. नियामकांना कळवून, परवानगी घेऊन त्या लोकांना दुसरा डोस पूर्ण दिला गेला आणि त्यांचा गट वेगळा धरला.

२३ नोव्हेंबर २०२० ला निकाल आले. दोन पूर्ण डोस घेतलेल्यांत परिणामकारकता ६२ टक्के. आधी अर्धा आणि मग पूर्ण घेतलेल्यांत ९० टक्के! दोन्ही मिळून ७० टक्के. जगभर मथळे झाले: कमी लस जास्त भारी.

पुण्यात हे वाचताना जास्तच धडधडलं असणार, कारण हीच लस मांजरीला सीरम इन्स्टिट्यूटमध्ये कोट्यवधींच्या संख्येने तयार होत होती. भारतातली चाचणीही ऑगस्ट २०२० मध्ये पुण्याच्या भारती हॉस्पिटलमधूनच सुरू झाली होती. सरळ हिशोब करा: पहिला डोस अर्धा चालत असेल, तर दोन डोसच्या जागी दीड. चारशे माणसांच्या लशीत पाचशेहून जास्त माणसं बसतात. साथ चालू असताना हा केवढा मोह!

पण थांबा, आतले आकडे बघा. अर्ध्या डोसच्या गटात एकूण २,७४१ लोक. लस मिळालेल्या १,३६७ पैकी ३ जणांना कोविड झाला, न मिळालेल्या १,३७४ पैकी ३० जणांना. ९० टक्के हा आकडा या ३ आणि ३० वर उभा आहे. त्या ३ च्या जागी योगायोगाने ६ असते तर? तो ८० टक्क्यांवर आला असता. म्हणूनच अशा आकड्यासोबत एक पट्टा देतात, त्याला कॉन्फिडन्स इंटरव्हल म्हणतात. खरी किंमत साधारण या दोन टोकांच्या मधे असावी, असा त्याचा ढोबळ अर्थ. इथे तो पट्टा ६७ ते ९७ होता. दोन पूर्ण डोसवाल्यांचा ४१ ते ७६. म्हणजे पट्टे एकमेकांत शिरलेले.

यापेक्षा मोठी गोम पुढे आहे. अर्ध्या डोसचे सगळे लोक ब्रिटनमधले होते आणि ५५ च्या वरचा त्यात एकही नव्हता. दुसऱ्या गटात ब्राझीलमधले लोकही होते, आणि वयस्करही. शिवाय अर्ध्या डोसवाल्यांच्या दोन डोसमधलं अंतर बरंच जास्त पडलं होतं, बहुतेकांचं नऊ-दहा आठवड्यांच्या वर. आता फरक कशाने पडला? मात्रेने, वयाने, देशाने की अंतराने?

सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्यांना हे दुखणं ओळखीचं आहे. एकाच रिलीजमध्ये चार बदल टाकले आणि ॲप वेगात चालायला लागलं. श्रेय कुणाला द्यायचं? चारही टीम म्हणणार, आमच्यामुळेच.

मग फक्त पूर्ण डोसवाले घेतले आणि त्यांच्यातच अंतराप्रमाणे गट पाडले. फेब्रुवारी २०२१ मध्ये छापून आलं: सहा आठवड्यांपेक्षा कमी अंतर असेल तर ५५.१ टक्के, बारा आठवडे किंवा जास्त असेल तर ८१.३ टक्के. मात्रा तीच, अंतर वेगळं, आणि एवढा फरक. म्हणजे अर्ध्या डोसची जादू ही बरीचशी उशिराची करामत असावी. हे अंतरही चिठ्ठ्या टाकून ठरलेलं नव्हतं, म्हणून हाही पक्का पुरावा नव्हे, पण अर्ध्या डोसपेक्षा नक्कीच भक्कम.

अर्धा डोस कुठेच वापरात आला नाही. ब्रिटनने ३० डिसेंबर २०२० ला दोन पूर्ण डोसना मान्यता दिली, भारताने ३ जानेवारीला. १२ जानेवारी २०२१ च्या पहाटे सीरमच्या दारातून पूजा करून जे ट्रक निघाले, त्यातल्या प्रत्येक डोसमध्ये पूर्ण ०.५ मिलीच होतं. आणि आपले ८४ दिवस त्या बारा आठवड्यांच्या आकड्यातून आले.

दुसरा अपघात: एकच डोस

ही गोष्ट त्याच्या दहा वर्षं आधीची आहे, आणि आपल्याकडे तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं.

गर्भाशयमुखाचा कर्करोग एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. त्याच्या १६ आणि १८ या दोन प्रकारांमुळे साधारण ७० टक्के केसेस होतात. २०२० मध्ये भारतात या कर्करोगाचे अंदाजे १ लाख २४ हजार नवे रुग्ण आणि ७७ हजार मृत्यू झाले. विषाणूविरुद्ध लस होती, पण महाग, आणि सहा महिन्यांत तीन डोस. शाळकरी मुलीला तीनदा गाठायचं! वाडी-वस्तीवर एकदा गाठायची मारामार.

म्हणून फ्रान्समधल्या लिऑन इथल्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने डॉ. रंगस्वामी शंकरनारायणन यांच्या नेतृत्वाखाली भारतात चाचणी आखली. प्रश्न: दोन डोस तीनइतकेच चालतील का? नऊ ठिकाणं होती. त्यात आपल्याकडचं पुण्याचं जहांगीर आणि बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल. १० ते १८ वयाच्या २० हजार मुली घ्यायच्या होत्या. १८८ गट पाडून कोणत्या गटाला दोन आणि कोणत्याला तीन, हे रँडम ठरवलं. १ सप्टेंबर २००९ ला काम सुरू झालं.

त्याच सुमारास आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यात एचपीव्ही लसीचा दुसराच एक प्रकल्प चालू होता. त्यात लस घेतलेल्या काही मुलींचे मृत्यू झाले. पुढच्या चौकशीत मृत्यूंचा लसीशी संबंध आढळला नाही, पण संमती घेण्यातल्या गंभीर त्रुटी उघड झाल्या. वसतिगृहातल्या मुलींच्या वतीने वॉर्डनने सह्या केल्याचं समोर आलं. २०१३ मध्ये संसदीय समितीनेही यावर कडक ताशेरे ओढले. हा राग रास्तच होता. गरीब घरच्या मुलीची संमती म्हणजे कागदावरची सही नव्हे.

त्या गदारोळात एप्रिल २०१० मध्ये सरकारने देशातल्या चाचण्यांमधलं एचपीव्ही लसीकरण थांबवलं. वेगळी असूनही ही चाचणीही थांबली. ८ एप्रिलनंतर एकाही मुलीला पुढचा डोस नाही.

तोवर १७,७२९ मुलींना लस सुरू झाली होती. त्यातल्या ४,३४८ जणींचे तीन डोस झाले होते. ४,९७९ जणींचे ठरल्याप्रमाणे दोन. ३,४५२ जणी तीनच्या गटातल्या, पण दोनवर अडकल्या. आणि ४,९५० जणींना फक्त एकच डोस मिळाला होता. ८,४०२ मुली अर्ध्या वाटेत. हे त्यांना विचारून झालं नव्हतं, आणि संशोधकांनी ठरवूनही नव्हतं.

सर्व्हर अचानक बंद पडला की अर्ध्यात अडकलेल्या रिक्वेस्ट आपण टाकून देतो. इथे त्या मुली होत्या. टाकून द्यायचं नाही असं ठरलं आणि त्यांची वर्षानुवर्षं नोंद ठेवली गेली.

आकडेवारीच्या दृष्टीने कळीचा मुद्दा हा: एखादीचा पुढचा डोस का राहिला? ती आजारी होती म्हणून, घर बदललं म्हणून, आईबाप घाबरले म्हणून राहिला असता, तर एक डोसवाल्या मुली मुळातच वेगळ्या ठरल्या असत्या आणि तुलना फसली असती. इथे कारण एकच, तारीख. जिने सप्टेंबरात नाव घातलं तिचे डोस पूर्ण झाले. जिने मार्चमध्ये घातलं ती एकावर राहिली. मुलीच्या तब्येतीचा, स्वभावाचा, घरच्या परिस्थितीचा त्या सरकारी आदेशाशी काही संबंध नव्हता. पूर्ण रँडम नाही, पण बरंच जवळ जाणारं.

मग वाट बघणं आलं. विषाणूची तपासणी लग्नानंतरच करायची होती: लग्नाला १८ महिने झाल्यावर, किंवा पहिल्या बाळंतपणानंतर सहा महिन्यांनी, जे आधी येईल ते. सासरी गेलेल्या हजारो मुलींशी संपर्क ठेवायचा, पुन्हा पुन्हा नमुने घ्यायचे. तुलनेसाठी लस न घेतलेल्या, साधारण त्याच वयाच्या विवाहित स्त्रियांचा गट नंतर जोडला, आणि दोन्ही गटांतले फरक गणिताने जुळवून घेतले.

२०२१ च्या शेवटी डॉ. पार्थ बसू आणि सहकाऱ्यांनी दहा वर्षांचा हिशोब मांडला. १६ आणि १८ या प्रकारांच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून संरक्षण:

तीन डोस: ९३.३ टक्के.
दोन डोस: ९३.१ टक्के.
एक डोस: ९५.४ टक्के.

एक डोस तीनपेक्षा भारी? नाही, तसं वाचू नका. तिन्हींचे पट्टे जवळजवळ एकमेकांवर बसतात. एक डोसचा पट्टा ८५ ते ९९.९, तीनचा ७७.५ ते ९९.७. याचा अर्थ फरक दिसत नाही, एवढाच. पण तीन डोस परवडत नाहीत म्हणून शून्यावर राहिलेल्या मुलीसाठी "फरक दिसत नाही" हीच मोठी बातमी आहे.

तरी संशोधकांनी लगेच गुलाल उधळला नाही. चाचणी मोडलेली होती, लस न घेतलेला गट रँडम नव्हता. म्हणून दुसरीकडे नीट आखलेला पुरावा शोधला. केनियात १५ ते २० वयाच्या २,२७५ मुलींवर रँडम चाचणी झाली. तिचा निकाल एप्रिल २०२२ मध्ये आला: एका डोसने १८ महिन्यांत ९७.५ टक्के संरक्षण. डिसेंबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ९ ते २० वयासाठी एक डोसचा पर्याय मान्य केला.

आता दोन्ही गोष्टी शेजारी ठेवा. अर्ध्या डोसच्या मागे ३ आणि ३० केसेस होत्या, काही महिन्यांचा काळ होता, आणि मात्रेसोबत वय, देश, अंतर सगळंच बदललेलं होतं. एका डोसच्या मागे हजारो मुली होत्या, दहा वर्षं होती, आणि डोस राहण्याचं कारण मुलींच्या बाहेरचं होतं. शिवाय नीट आखलेल्या चाचणीत तेच पुन्हा दिसलं. अपघातातून मिळालेला डेटा मुळातच खोटा नसतो आणि खराही नसतो. त्याला विचारायचे प्रश्न हे आहेत: किती जणांवर? किती काळ? कोण कुठल्या गटात का गेलं? आणि दुसऱ्या कुणाला तेच दिसलं का?

एक सावधगिरी. एका डोसचा हा पुरावा ठराविक लसींचा आहे. सीरमची सर्व्हाव्हॅक ही भारतीय लस जानेवारी २०२३ मध्ये आली. तिला मान्यता मिळाली ती ९ ते १४ वयासाठी दोन आणि त्यावरच्या वयाला तीन डोस अशी. शेजारच्या लसीचे मार्क हिच्या प्रगतिपुस्तकात चढवता येत नाहीत. त्यामुळे घरात बहीण, भाची, मुलगी असेल तर किती डोस हे डॉक्टरांनाच विचारा, पॉडकास्टवाल्याला नाही.

आणि त्या ८,४०२ मुली. आज त्या विशीच्या शेवटी-तिशीत असतील. काही पुण्यात, काही बार्शीकडे. जगभरच्या मुलींचे डोस कमी करण्यात आपला वाटा आहे, हे त्यातल्या किती जणींना कुणी सांगितलं असेल? निदान आपल्याला तरी ते माहीत असावं, म्हणून हा एपिसोड.

आवडला तर घरच्या ग्रुपवर टाका. आणि "अमुक औषध ९० टक्के गुणकारी" असा फॉरवर्ड आला की उत्तरात एवढंच विचारा: किती जणांवर बघितलं?

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या.